यूजरकॉपीच्या चेकवर कर्नल पडला? सुरुवात कुठून करायची ते बघू

आपला साधा प्रोग्रॅम पडला तर सेगफॉल्ट येतो, आपण परत चालवतो, विषय संपतो. कर्नल पडला की मात्र हातपाय गार पडतात, कारण टर्मिनल अडकलेलं असतं, एसएसएच मरतं, आणि स्क्रीनवर शेवटच्या वीसेक ओळी दिसतात ज्यात हेक्सचे आकडे सोडून काही कळत नाही. त्यातून एखाद्या ओळीत "इनव्हॅलिड ऑपकोड" असं लिहिलेलं दिसलं की नवीन माणूस सरळ प्रोसेसर खराब झाला असं धरून चालतो. तसं नसतं, आणि ते का नसतं हे पुढे येईलच.

मी हे लिहितोय ते नुकतंच लिनक्स कर्नलचं किंवा ड्रायव्हरचं काम हातात घेतलेल्या लोकांसाठी. पुण्यात, बंगळुरात एम्बेडेड आणि स्टोरेजच्या कामाला लागलेली बरीच मराठी पोरं-पोरी पहिल्या काही महिन्यांतच या क्रॅशला धडकतात. सी येत असलं आणि स्वतःचा कर्नल एकदा तरी बिल्ड केलेला असला की एवढं पुरे. फंक्शनची आणि कमांडची नावं मी देवनागरीत लिहिलीयत, स्क्रीनवर ती इंग्रजीत आणि मध्ये अंडरस्कोर घालून दिसतील.

मुळात हा चेक करतो काय

यूजरचा प्रोग्रॅम आणि कर्नल यांची मेमरी वेगळी असते. डेटा इकडून तिकडे न्यायचा असेल तर कर्नलमध्ये दोन फंक्शन असतात, कॉपी टू यूजर आणि कॉपी फ्रॉम यूजर. आता समजा ड्रायव्हरने ६४ बाइटचं ऑब्जेक्ट घेतलंय आणि यूजरने मागितले २०० बाइट आणि ड्रायव्हरने लांबी न तपासता कॉपी टू यूजर मारलं, तर शेजारच्या ऑब्जेक्टमधलं काहीही, पॉइंटर, कीज, दुसऱ्या कुणाचा डेटा, सरळ यूजरच्या हातात जातं. उलट दिशेने झालं तर अजून वाईट, यूजर कर्नलची मेमरी लिहून टाकतो.

हे पकडायला २०१६ मध्ये लिनक्स ४.८ मध्ये हार्डन्ड यूजरकॉपी आलं, कर्नल डेव्हलपर केस कुक यांनी ते मेन कर्नलमध्ये आणलं आणि त्याची मूळ कल्पना पॅक्स या कर्नलच्या सुरक्षेसाठी पॅच बनवणाऱ्या प्रोजेक्टची. कॉपी व्हायच्या आधी ते बघतं की कर्नलच्या बाजूचा पत्ता आणि लांबी पटण्यासारखी आहे का. पत्ता नल किंवा गुंडाळून परत शून्याकडे जाणारा तर नाही, स्टॅकवर असेल तर स्टॅकच्या हद्दीत आहे का, स्लॅबमधला (कर्नल आपली छोटी ऑब्जेक्ट जिथून वाटतो ती मेमरी) असेल तर एकाच ऑब्जेक्टच्या आत बसतो का, कर्नलच्या स्वतःच्या कोडवर तर पडत नाही ना. नाही पटलं की कॉपी होऊच देत नाही, मेसेज छापतं आणि बग मॅक्रो चालवतं. २०१८ मध्ये ४.१६ मध्ये अजून एक पायरी चढवली गेली, ऑब्जेक्टच्या आतसुद्धा कुठला तुकडा यूजरकडे जाऊ शकतो ते स्लॅब कॅश (एकाच आकाराच्या ऑब्जेक्टचा साठा) बनवतानाच सांगायचं, बाकीचा तुकडा बंद. आपल्या उदाहरणात हाच नियम लागणार आहे, लक्षात ठेवा.

म्हणजे तुम्हाला जो क्रॅश दिसतोय तो कर्नलने जाणूनबुजून केलाय. वॉचमनने शिट्टी वाजवली म्हणून वॉचमनला कुणी धरत नाही, शिट्टी कुणाला बघून वाजवली ते शोधतात.

आधी लॉग वाचवा

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो लॉग हरवल्यामुळे. क्रॅश झाला, कुणीतरी घाईत पॉवर बटण दाबलं, आणि आता पुन्हा तीन दिवस वाट बघा. मशीन अजून थोडंफार चालत असेल तर डीमेसेजचा पूर्ण आउटपुट फाइलमध्ये टाका आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर न्या. रीबूट होऊन गेलं असेल तर जर्नलसीटीएलला डॅश के, डॅश बी, उणे एक देऊन मागच्या बूटचे कर्नल मेसेज बघा. पण हे नेहमी मिळतीलच असं नाही, कारण पॅनिक झाला, म्हणजे कर्नल पूर्णच थांबला, तर डिस्कवर लिहायला कुणी उरलेलंच नसतं. मग पीस्टोअर बघा, कर्नल मरता मरता शेवटचे मेसेज ईएफआयच्या जागेत किंवा राखीव रॅममध्ये टाकतो आणि सिस्टमडी पुढच्या बूटला ते व्हार-लिब-सिस्टमडीच्या खाली पीस्टोअर फोल्डरमध्ये आणून ठेवतं. नवीन लोकांना हे फोल्डर माहीतच नसतं, आणि बऱ्याचदा हवं ते तिथेच पडलेलं असतं.

बोर्डवर काम करत असाल तर सिरीयल केबल लावा, ११५२०० बॉडवर, आणि समोरच्या लॅपटॉपवर लॉग कायम सेव्ह होत राहू द्या. याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. सर्व्हर असेल तर केडंप बसवा, त्यासाठी बूट पॅरामीटरमध्ये क्रॅशकर्नल देऊन थोडी रॅम बाजूला ठेवावी लागते, पण मग पॅनिक झाल्यावर पूर्ण मेमरीची फाइल मिळते आणि क्रॅश नावाच्या टूलने ती निवांत उघडून बघता येते. आणि काहीच नसेल तर मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा, तिरका नको, सगळे आकडे वाचता येतील असा.

एक सेटिंग समजून घ्या. बग मॅक्रो लागला की नॉर्मली फक्त ती प्रोसेस मारली जाते आणि बाकी सिस्टम चालू राहते, पण त्या प्रोसेसने एखादा म्युटेक्स धरलेला असेल तर तो आता कुणीच सोडणार नाही, आणि दहा मिनिटांनी सगळंच अडकतं, आणि आपण त्या अडकण्यामागे लागतो, मूळ क्रॅश वर कुठेतरी राहून जातो. म्हणून टेस्ट मशीनवर पॅनिक ऑन ऊप्स (ऊप्स म्हणजे कर्नलने छापलेला क्रॅशचा रिपोर्ट) एक करून ठेवा आणि कर्नल डॉट पॅनिक दहा, म्हणजे पहिल्याच ठोकरीला थांबेल, डंप घेईल आणि दहा सेकंदांनी स्वतःच रीबूट होईल.

लॉग वरून वाचा, खालून नाही

माणूस सवयीने शेवटची ओळ वाचतो. कर्नलच्या बाबतीत पहिला ऊप्स महत्त्वाचा, त्यानंतरचे बहुतेक त्याचेच परिणाम. "कट हिअर" लिहिलेली पहिली रेघ शोधा, आणि तिच्या एक-दोन ओळी वरचंसुद्धा घ्या, कारण यूजरकॉपीचा खरा मेसेज त्या रेघेच्या वर छापलेला असतो आणि रेघेपासून कॉपी केलं तर तोच नेमका सुटतो. माझ्याकडे मदतीला आलेल्या लॉगमध्ये ही ओळ गायब असणं इतकं कॉमन आहे की मी पहिला प्रश्न तोच विचारतो.

त्या ओळीत चार गोष्टी असतात. एक, एक्स्पोजर की ओव्हरराइट. एक्स्पोजर म्हणजे कर्नलमधून यूजरकडे गळत होतं, ओव्हरराइट म्हणजे यूजरकडून कर्नलमध्ये लिहिलं जात होतं. दोन, कुठल्या प्रकारची मेमरी, स्लब ऑब्जेक्ट (स्लब म्हणजे स्लॅब सांभाळणारा कर्नलमधला कोड), प्रोसेस स्टॅक, कर्नल टेक्स्ट वगैरे. तीन, स्लब असेल तर अवतरणात कॅशचं नाव. चार, ऑफसेट आणि साइज. या चार गोष्टी वहीत लिहून घ्या, अर्धी केस इथेच उलगडते.

त्याखाली "कर्नल बग अ‍ॅट एमएम स्लॅश यूजरकॉपी डॉट सी" आणि मग ते घाबरवणारं इनव्हॅलिड ऑपकोड. एक्स८६ वर बग मॅक्रो म्हणजे यूडी२ नावाची एक इन्स्ट्रक्शन, जी प्रोसेसरला मुद्दाम न समजणारी ठेवलेली आहे, ती चालवली की प्रोसेसर एक्सेप्शन देतो आणि कर्नल ते पकडून पूर्ण रिपोर्ट छापतो. प्रोसेसर ठणठणीत आहे. आर्म६४ वर याच कामाला ब्रेक इन्स्ट्रक्शन वापरतात आणि मेसेज थोडा वेगळा दिसतो.

आरआयपीच्या (प्रोसेसर ज्या इन्स्ट्रक्शनवर होता तिचा पत्ता) समोर यूजरकॉपी अबॉर्ट असं नाव असेल, ते वॉचमनचं नाव आहे, ते सोडून द्या. कॉल ट्रेसमध्ये वरून खाली या, चेक हीप ऑब्जेक्ट, चेक ऑब्जेक्ट साइज, आणि त्याच्या खाली जे पहिलं तुमच्या ओळखीचं किंवा ड्रायव्हरचं फंक्शन येईल ते आपल्या कामाचं. ज्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे त्यावर विसंबू नका, स्टॅकवर पडलेला जुना पत्ताही तसा दिसू शकतो. टेन्टेड (कर्नल मूळ स्वच्छ स्थितीत नाही अशी खूण) लिहिलं असेल तर अक्षरं बघा, ओ असेल तर मेन कर्नलबाहेरचं मॉड्यूल लोड आहे, डब्ल्यू असेल तर आधी एखादी वॉर्निंग येऊन गेलीय, म्हणजे अजून वर स्क्रोल करा.

फंक्शनचं नाव कळलं, ओळ कशी कळणार

ट्रेसमध्ये फंक्शनच्या नावापुढे अधिक चिन्ह, एक आकडा, तिरकी रेघ, दुसरा आकडा असं असतं. पहिला आकडा फंक्शनच्या सुरुवातीपासूनचं अंतर, दुसरा फंक्शनची एकूण लांबी. केएएसएलआरमुळे पत्ते प्रत्येक बूटला बदलतात पण हे अंतर बदलत नाही, म्हणून कोरे पत्ते सोडा आणि हेच वापरा. कर्नलच्या सोर्समध्ये स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये एफ-अ‍ॅडर-टू-लाइन आहे, तिला व्हीएमलिनक्स किंवा मॉड्यूलची डॉट केओ फाइल आणि हे नाव-अधिक-अंतर दिलं की सोर्सची ओळ सांगते, इनलाइन होऊन गायब झालेली फंक्शनंही दाखवते. पूर्ण लॉग एकदम सोडवायचा असेल तर त्याच फोल्डरमधली डिकोड स्टॅकट्रेस स्क्रिप्ट.

अट एकच, फाइल त्याच बिल्डची हवी आणि डीबग इन्फो चालू करून बनवलेली हवी. "कालचाच सोर्स आहे, परत बिल्ड केला" हे चालत नाही, कंपायलर बदलला तरी अंतरं सरकतात. लांबीचा दुसरा आकडा तुमच्या फाइलशी जुळला नाही तर तिथेच थांबा, चुकीची फाइल आहे. आणि कॉल ट्रेसमधला पत्ता हा परत येण्याचा पत्ता असतो, त्यामुळे कधी कधी कॉलच्या पुढची ओळ दाखवली जाते, एक-दोन ओळी वर बघायची सवय लावा.

प्रयोगशाळा लावा आणि स्वतः पाडा

ज्याने स्वतःच्या हाताने एकदा क्रॅश पाडलाय त्याला खरा क्रॅश आला की भीती वाटत नाही. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनमध्ये छोटा कर्नल बूट करा, कॉन्फिगमध्ये हार्डन्ड यूजरकॉपी, डीबग इन्फो आणि एलकेडीटीएम चालू करा. एलकेडीटीएम हे कर्नलमध्येच असलेलं मॉड्यूल आहे जे मुद्दाम क्रॅश घडवतं. डीबगएफएस माउंट केलं की त्यात प्रोव्होक-क्रॅश नावाचा फोल्डर दिसतो, त्यातली डायरेक्ट फाइल कॅट करा, प्रकारांची यादी मिळते, त्यातली यूजरकॉपीने सुरू होणारी नावं एकेक करून त्याच फाइलमध्ये एको करा. प्रत्येकाचा मेसेज कसा येतो ते बघून शेजारी लिहून ठेवा. हे फक्त व्हर्च्युअल मशीनवर, ऑफिसच्या सामाईक सर्व्हरवर कधीच नाही.

जीडीबी जोडायचा असेल तर क्यूईएमयूला डॅश एस (छोट्या लिपीतला) द्या, १२३४ पोर्टवर जोडा, बूट पॅरामीटरमध्ये नोकेएएसएलआर टाका नाहीतर ब्रेकपॉइंट लागणार नाहीत, आणि ब्रेकपॉइंट यूजरकॉपी अबॉर्टवर लावा. मग क्रॅशच्या एक क्षण आधी मशीन थांबलेलं असतं आणि अप करत करत वर जाऊन सगळे व्हेरिएबल बघता येतात.

आता एक पूर्ण केस

समजा ड्रायव्हरमध्ये एक स्ट्रक्चर आहे. सुरुवातीला लिस्ट हेड, १६ बाइट. मग आयडी, ८ बाइट. मग नाव, ३२ बाइटचा कॅरेक्टर अ‍ॅरे. शेवटी प्रायव्हेट पॉइंटर, ८ बाइट. एकूण ६४. यासाठी केमेम कॅश क्रिएट वापरून वेगळी कॅश बनवलीय, आणि रीड फंक्शनमध्ये यूजरने मागितलेली लांबी जशीच्या तशी कॉपी टू यूजरला दिलीय, सोर्स म्हणून नाव फील्ड. लॉग येतो: एक्स्पोजर, स्लब ऑब्जेक्ट, ऑफसेट २४, साइज ४०.

आता गणित. ऑफसेट २४ म्हणजे १६ अधिक ८, तिथे नाव सुरू होतं. हे हाताने मोजू नका, पाहोल नावाचं टूल डीबग इन्फोमधून प्रत्येक फील्डचा ऑफसेट आणि मधली भोकं दाखवतं. ४० बाइट मागितले, नाव ३२ चं, म्हणजे शेवटचे ८ बाइट प्रायव्हेट पॉइंटरचे. कर्नलचा पत्ता यूजरकडे चालला होता. बघा, २४ अधिक ४० म्हणजे बरोबर ६४, कॉपी ऑब्जेक्टच्या बाहेर गेलेलीच नाही, त्यामुळे ४.१६ च्या आधीच्या चेकने हे सोडून दिलं असतं.

इथे नवीन माणसाला तीन गोष्टी चकवतात आणि त्या मला सविस्तर सांगायच्यात कारण दिवसच्या दिवस जातात यात.

पहिली, कॅशचं नाव. लॉगमध्ये तुमच्या कॅशचं नाव येण्याऐवजी भलतंच नाव येऊ शकतं, ज्याचा तुमच्या ड्रायव्हरशी काही संबंध नाही, आणि मग लोक त्या दुसऱ्या सबसिस्टमचा सोर्स वाचत बसतात. कारण स्लब सारख्या आकाराच्या कॅश एकत्र करतो आणि मेसेजमध्ये जी कॅश आधी बनली तिचं नाव छापलं जातं. बूट पॅरामीटरमध्ये स्लॅब नोमर्ज टाका आणि पुन्हा पाडा, खरं नाव येतं.

दुसरी, "माझ्याकडे क्रॅश होतच नाही". तुम्ही प्रयोग म्हणून कॉपी टू यूजरमध्ये लांबीच्या जागी साइजऑफ किंवा सरळ ४० लिहिलं तर चालून जातं. याचं कारण कंपाइलच्या वेळी लांबी ठरलेली असेल तर रनटाइमचा हा चेक लागतच नाही, कंपायलरला स्वतःला जेवढं कळतं तेवढंच तपासलं जातं. म्हणून रीप्रोड्यूस करताना लांबी व्हेरिएबलमधूनच यायला हवी, यूजरकडून येते तशी.

तिसरी आणि सगळ्यात धोकादायक, चुकीचा उपाय लागू पडतो. कुणीतरी सुचवतं की वेगळी कॅश कशाला, के-मॅलॉक वापर. वापरलं, क्रॅश गेला, सगळे खूश. पण के-मॅलॉकच्या नॉर्मल कॅशमध्ये पूर्ण ऑब्जेक्टला यूजरकॉपीची परवानगी असते, म्हणजे ४० बाइट आता बिनबोभाट जातात आणि पॉइंटर गळतच राहतो, फक्त सांगणारं कुणी उरलं नाही. क्रॅश थांबला म्हणजे बग गेला असं धरू नका, मला हे प्रत्येक ज्युनिअरला सांगावंसं वाटतं.

मग बरोबर उपाय कुठला? आधी लांबी आवळा. सिंपल रीड फ्रॉम बफर नावाचं हेल्पर फंक्शन आहे, त्याला उपलब्ध बाइट ३२ सांगितले की जास्त मागितलं तरी तेवढेच देतं आणि फाइलची पोझिशनही सांभाळतं. एवढं करूनही क्रॅश येईल, कारण साध्या केमेम कॅश क्रिएटने बनवलेल्या कॅशमधून एकही बाइट थेट यूजरकडे जाऊ दिला जात नाही. त्यासाठी केमेम कॅश क्रिएट यूजरकॉपी वापरा, त्यात परवानगीच्या तुकड्याची सुरुवात नाव फील्डचा ऑफसेट आणि लांबी नाव फील्डची साइज द्या, ऑफसेटऑफ आणि साइजऑफ लिहून, आकडे टाइप करून नाही, नाहीतर उद्या कुणी मध्ये फील्ड घातलं की सगळं सरकलं. अख्खं ऑब्जेक्ट मोकळं करू नका. किंवा नाव आधी स्टॅकवरच्या छोट्या बफरमध्ये घ्या आणि तिथून यूजरला द्या. माझ्या मते कॉपी क्वचित होत असेल तर हा दुसरा मार्ग जास्त स्वच्छ, कॅशची रचना बदलावी लागत नाही.

आणि एक राहिलंच. नावात "पुणे" एवढंच लिहिलेलं असेल आणि ऑब्जेक्ट शून्य करून घेतलेलं नसेल तर उरलेल्या बाइटमध्ये मागच्या वापराचा कचरा असतो आणि तोही यूजरकडे जातो, हार्डन्ड यूजरकॉपी हे पकडत नाही. केमेम कॅश झेड-अ‍ॅलॉक वापरा. हे प्रकार पकडायला केएमसॅन आहे, ६.१ पासून, पण ते क्लँगने बिल्ड करावं लागतं.

दोष नेहमी ड्रायव्हरचाच असतो असंही नाही. २०१६ मध्ये चेक नवीन असताना प्रॉक-केकोअर वाचलं की कर्नल पडायचा, कारण ती फाइल कर्नलचा स्वतःचा कोड यूजरला दाखवते आणि चेकला ते कसं आवडणार. तिथे चेक सैल केला नाही, मध्ये एक बफर घालून कॉपी दोन टप्प्यांत केली.

वॉचमन बाकीही आहेत

सगळेच मेमरीचे क्रॅश यूजरकॉपीचे नसतात, मेसेजवरून ओळखता येतात. "डिटेक्टेड बफर ओव्हरफ्लो" दिसलं तर ते फॉर्टिफाय सोर्स, ४.१३ पासूनचं, मेमकॉपी किंवा स्ट्रिंगच्या फंक्शनमध्ये बफरपेक्षा जास्त लिहिलं. "फील्ड-स्पॅनिंग राइट" ही वॉर्निंग आहे, सिस्टम चालू राहते, एका फील्डमध्ये लिहायला गेलात आणि पुढच्या फील्डवर सांडलं. मुद्दाम दोन-तीन फील्ड एकत्र कॉपी करायचे असतील तर स्ट्रक्ट ग्रुप मॅक्रो वापरा. "अ‍ॅरे इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स" म्हणजे यूबीसॅन, सीच्या नियमांबाहेरचा वापर पकडणारी तपासणी, आणि ६.५ नंतर हे अचानक वाढलेलं दिसेल, कारण स्ट्रक्चरच्या शेवटी एक लांबीचा अ‍ॅरे ठेवून त्यात हवं तेवढं भरायची जुनी पद्धत तेव्हापासून कंपायलरला खरोखर एकच लांबीची धरायला सांगितली गेली. उपाय सोपा, रिकाम्या चौकटी कंसाचा फ्लेक्झिबल अ‍ॅरे करा. "रेफकाउंट अंडरफ्लो" (रेफकाउंट म्हणजे ऑब्जेक्ट कितीजण वापरतायत तो आकडा) असेल तर कुणीतरी ऑब्जेक्ट एकदा जास्त सोडलं, "लिस्ट डेल करप्शन" असेल तर काढलेली गोष्ट परत काढली किंवा मेमरीच बिघडली.

या शेवटच्या दोन प्रकारांत गोची अशी की जिथे क्रॅश दिसतो तिथे चूक नसते. चूक करणारा कधीच निघून गेलेला असतो. इथे ट्रेसकडे बघत बसून काही होत नाही, केसॅन, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं टूल, लावा. केसॅन प्रत्येक ८ बाइटमागे १ बाइट हिशेबाला ठेवतं, मेमरी आणि वेग दोन्ही खातं, पण रिपोर्टमध्ये तीन ट्रेस देतं, कुणी हात लावला, कुणी घेतली होती आणि कुणी सोडली होती. यूज आफ्टर फ्रीमध्ये (सोडलेली मेमरी परत वापरली तर) तो सोडणाऱ्याचा ट्रेस म्हणजे सोनं आहे. बोर्डवर केसॅन मावत नसेल तर स्लब डीबगला एफ, झेड, पी, यू हे चार पर्याय द्या, मग सोडलेल्या मेमरीत ६बी ६बी ६बी भरलं जातं, आणि रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी दिसलं की समजायचं कुणीतरी सोडलेल्या ऑब्जेक्टमधून पॉइंटर उचललाय. प्रॉडक्शनवर चालवायचं असेल तर केफेन्स, ५.१२ पासून, ते अधूनमधून एखादंच ऑब्जेक्ट पहाऱ्यात ठेवतं त्यामुळे वेग जवळपास कमी होत नाही, पण पकडायला वेळ लागतो, खूप मशीन असतील तरच फायदा.

"अपडेटनंतर सुरू झालं"

असं असेल तर गिट बायसेक्ट, म्हणजे चांगल्या आणि खराब व्हर्जनच्या मधला कमिट बिल्ड करून तपासत जाणं. एका व्हर्जनमध्ये साधारण दहा-पंधरा हजार कमिट असतात, दरवेळी अर्धे होत गेले की चौदाएक बिल्डमध्ये उत्तर मिळतं. पण हार्डनिंगच्या बाबतीत एक खास सापळा आहे. बायसेक्ट पुष्कळदा त्या कमिटवर जाऊन थांबतं ज्याने चेक आणला किंवा कडक केला, आणि मग टीममध्ये ठरतं की हा कमिट खराब, रिव्हर्ट करा. बग आधीपासून होता, दिसत नव्हता एवढंच. म्हणून बायसेक्ट करताना कॉन्फिग प्रत्येक पायरीवर तीच राहते का बघा, आणि उत्तर चेकच्या कमिटवर आलं तर पुढचा प्रश्न विचारा, चेक ज्या ओळीला हरकत घेतोय ती ओळ कधी लिहिली गेली, गिट ब्लेम.

बूट पॅरामीटरमध्ये हार्डन्ड यूजरकॉपी ऑफ लिहून चेक बंद करता येतो. तो पर्याय एकाच कामासाठी वापरा, मशीन बूटच होत नाहीये आणि आतला डेटा बाहेर काढायचाय. मी ज्या एका ठिकाणी काम करायचो तिथे कस्टमरची डेडलाइन होती म्हणून तो पॅरामीटर "तात्पुरता" घातला गेला, मी मेलवर विरोध केला, तरी तो इमेजमध्ये तसाच राहिला आणि दीड वर्षाने मी सोडलं तेव्हाही होता. गळती कुठली होती हे तोवर कुणालाच आठवत नव्हतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण ती दुरुस्ती चार ओळींची होती.

दुरुस्ती पाठवताना

बग मेन कर्नलमधल्या कोडचा असेल तर आधी नवीन व्हर्जनवर तो अजून आहे का बघा, टेन्टेड नसलेल्या कर्नलवर पाडून दाखवा. सोर्समधली गेट मेंटेनर स्क्रिप्ट तुमच्या पॅचवर चालवली की मेल कुणाला करायचा ते सांगते. मेल साध्या टेक्स्टमध्ये, एचटीएमएल नको, लॉग त्यातच चिकटवा, स्क्रीनशॉट नको. ज्या कमिटमध्ये बग शिरला त्याचा फिक्सेस टॅग लिहा, त्यामुळे जुन्या स्टेबल व्हर्जनमध्येही दुरुस्ती न्यायला मदत होते. गळती बाहेरून कुणालाही, साध्या यूजरलाही वापरता येईल अशी असेल तर उघड लिस्टवर टाकायच्या आधी कर्नलच्या सिक्युरिटी टीमला खाजगी मेल करा, त्यांचा पत्ता कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहे.

आणि पॅच पाठवायच्या आधी आपल्या उदाहरणातल्यासारख्या चार लांब्या देऊन टेस्ट करा: शून्य, ३२, ३३, आणि ४०. पहिल्याला शून्य परत यायला हवं, बाकी तिन्हींना ३२, आणि डीमेसेज पूर्ण शांत. ३३ ची टेस्ट विसरू नका, एकाने चुकणारे बग ३२ आणि ४० च्या मध्येच लपलेले असतात.